पहिली भाषा कोणती लिहिणार?

(ग्वाल्हेरमध्ये शिकणाऱ्या, सीमेलगतच्या जिल्ह्यांतल्या मराठी विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात राहून गेलेलं थोडं लिहिताना घातलंय.)



मला दिलेला विषय अगदी साधा आहे. सरकारी शाळेत शिक्षक व्हायला काय काय लागतं? यूट्यूबवर हे शंभर जणांनी सांगून झालंय. फूलबागपासून पडावपर्यंत चालत गेलात तर कोचिंगवाल्यांच्या बोर्डांवरच अर्धा अभ्यासक्रम वाचून होतो. तरी मी बोलायला उभी राहिले, कारण ते सगळं हिंदीत शिकून हिंदीत शिकवणाऱ्या मुलामुलींसाठी सांगितलेलं असतं. आपलं तसं नाही. इथे बऱ्हाणपूरचे आहेत, पांढुर्ण्याचे आहेत, मुलताईचे दोघं आहेत. लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्थेत शिकणारे बेळगाव-निपाणीकडचे मित्र मागच्या रांगेत बसलेत. आपल्या घरची भाषा एक, राज्याची दुसरी. शिक्षक व्हायच्या वाटेवर या गोष्टीचा नेमका कुठे संबंध येतो, तेवढंच मला आज सांगायचंय.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडे शिक्षकाचा ‘परवाना’ असा प्रकार नाही. वकिलाला सनद मिळते, डॉक्टरला नोंदणी क्रमांक मिळतो. अमेरिकेत प्रत्येक राज्य शिक्षकाला लायसन्स देतं आणि ते ठरावीक वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं. आपल्याकडे तीन वेगवेगळे कागद मिळून तो परवाना होतो. पहिला प्रशिक्षणाचा, म्हणजे डी.एल.एड. किंवा बी.एड. दुसरा पात्रतेचा, म्हणजे टीईटी. तिसरा निवडीचा, म्हणजे राज्याची भरती. पहिल्या कागदाचे नियम दिल्लीत एनसीटीई ठरवते. दुसऱ्याचा साचा एनसीटीईचा, पण पेपर बहुतेक ठिकाणी राज्याचा. तिसरा पूर्णपणे राज्याच्या हातात. टीईटी पास झालो म्हणजे नोकरी लागली असं गावाकडे अजून समजतात. माझ्या आजीनं तर पेढे वाटले होते. टीईटीच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच स्पष्ट लिहिलंय, की ही परीक्षा पास होणं म्हणजे नेमणुकीचा हक्क नव्हे.

आता पहिला कागद. इथे मी जरा थांबणार आहे, कारण आमच्या घरात याच कागदानं चार वर्षं खाल्ली.

नियम असा. पहिली ते पाचवीला शिकवायचं असेल तर बारावीला ५० टक्के आणि दोन वर्षांचं डी.एल.एड. महाराष्ट्रात आपण ज्याला अजून डी.एड. म्हणतो तेच हे. सहावी ते आठवीला पदवी, आणि वर डी.एल.एड. किंवा बी.एड. नववीच्या पुढे विषयातली पदवी किंवा पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. मध्य प्रदेशात यालाच वर्ग ३, वर्ग २, वर्ग १ म्हणतात. २८ जून २०१८ ला एनसीटीईनं अधिसूचना काढली, की बी.एड. झालेलेही पहिली ते पाचवीला चालतील, मात्र नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स करायचा. झालं, सगळे बी.एड.कडे पळाले. एकाच पदवीत प्राथमिकही आणि माध्यमिकही, मग डी.एल.एड. कोण करणार? माझा मावसभाऊ त्यातलाच एक. पदवी झाली, दोन वर्षं बी.एड. केलं, मग वर्ग ३ ची तयारी धरली.

११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं देवेश शर्मा खटल्यात ती अधिसूचना रद्द ठरवली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं, की सहा वर्षांच्या मुलाला शिकवणं ही वेगळी विद्या आहे आणि बी.एड.मध्ये ती शिकवत नाहीत. पुढे एप्रिल २०२४ मध्ये खुलासा झाला, की निकालाच्या आधी रीतसर नेमले गेलेले वाचतील. दादाचा नंबर तेव्हा लागलेला नव्हता. आता तो वर्ग २ साठी बसतो.

मला विचाराल तर निकाल बरोबर आहे. दादाला हे मी तोंडावर सांगितलंय, त्यामुळे इथे सांगायला हरकत नाही. मुळाक्षरं शिकवणं हे सातवीचा नागरिकशास्त्राचा धडा शिकवण्यापेक्षा कठीण काम आहे, आणि ज्या मुलाच्या घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे त्याच्या बाबतीत तर दुप्पट कठीण. अधिसूचना काढणाऱ्यांनी पाच वर्षं हजारो पोरांना चुकीच्या रांगेत उभं केलं, त्याची जबाबदारी मात्र कोणावर आली नाही. तेव्हा लहान मुलांना शिकवायचं असेल तर डी.एल.एड. करा. बारावीनंतर लगेच ठरवता आलं तर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे, आयटेप म्हणतात त्याला. त्याची प्रवेश परीक्षा एनसीईटी. ती तेरा भाषांत होते आणि त्यात मराठी आहे. २०२० च्या शिक्षण धोरणात तर २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी हीच किमान पात्रता करायचं म्हटलंय.

आणि कॉलेज बघून घ्या. ग्वाल्हेर-चंबळच्या बाजूला ‘नॉन-अटेंडिंग बी.एड.’ हा शब्द तुमच्या कानावर आला असेलच. फी भरा, परीक्षेला या, मधे तोंड दाखवू नका. एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के हजेरी लागते, आणि बी.एड.च्या दोन वर्षांतले २० आठवडे शाळेत घालवायचे असतात. हे सगळं कागदावर. आणि ‘हे इकडचंच’ म्हणून महाराष्ट्राला नाक वर करायला जागा नाही. महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ती मान्यता देणारी एनसीटीईची पश्चिम विभागीय समिती तेव्हा आपल्या भोपाळमध्ये बसायची. न्यायालयानं न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला, २०१२ मध्ये अहवाल आला, आणि त्या संस्थांतल्या बहुसंख्य निकषांवर उतरल्या नाहीत. बी.एड. एकाचं दोन वर्षांचं झालं ते त्या अहवालाच्या पाठोपाठ आलेल्या नियमांमुळे. म्हणजे आज तुम्ही जे जादा वर्ष काढता त्याचं एक मूळ महाराष्ट्रातल्या डी.एड. दुकानांत आहे.

दुसरा कागद टीईटी. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यातलं कलम २३ शिक्षकाच्या किमान पात्रतेचं. त्याच्या आधारे एनसीटीईनं २३ ऑगस्ट २०१० ला अधिसूचना काढून पहिली ते आठवीसाठी टीईटी सक्तीची केली. १५० प्रश्न, अडीच तास, पास व्हायला ६० टक्के, राखीव प्रवर्गांना राज्य सूट देऊ शकतं. प्राथमिकच्या पेपरचे पाच भाग, प्रत्येकी ३० गुणांचे: बालविकास, पहिली भाषा, दुसरी भाषा, गणित, परिसर अभ्यास. पूर्वी प्रमाणपत्र सात वर्षं चालायचं, २०२१ पासून आयुष्यभर चालतं. एवढं तर कोचिंगवालाही सांगेल.

तो सांगत नाही ते ‘पहिली भाषा’ या रकान्याबद्दल. अर्ज भरताना तिथे एक यादी उघडते आणि आपण एक टिक करून पुढे जातो. एनसीटीईच्या २०११ च्या सूचना नीट वाचल्या तर त्यात लिहिलंय, की पहिल्या भाषेचे प्रश्न शिकवण्याच्या माध्यमाशी संबंधित प्रावीण्य तपासतील. माध्यमाशी! म्हणजे हा ३० गुणांचा साधा व्याकरणाचा पेपर नाही. ‘मी या भाषेतून वर्ग शिकवू शकते’ असं सरकार तुमच्याकडून तिथे लिहून घेतं. परवाना कुठला असेल तर तो या रकान्यात आहे.

आता कोणत्या परीक्षेत ही यादी कशी आहे ते बघा.

केंद्राची सीटीईटी सीबीएसई घेते. तिच्या यादीत वीस भाषा आहेत, गारो-खासीपासून तिबेटीपर्यंत, आणि मराठी आहे. पण भाषांचे भाग सोडले तर बाकी पेपर हिंदी आणि इंग्रजीतच छापलेला असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीनं पहिली भाषा मराठी घेतली तरी ‘समीपस्थ विकास का क्षेत्र’ म्हणजे काय हे तिला कळायलाच हवं. त्याची तयारी वेगळी करा.

महाराष्ट्राच्या टीईटीत मराठी आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. कर्नाटकाच्या टीईटीत पहिल्या भाषेच्या यादीत कन्नड, उर्दू, तमिळ, तेलुगू यांच्याबरोबर मराठीही आहे. हो, कर्नाटकाच्या. मागच्या रांगेतले मित्र मान हलवतायत, त्यांना माहीत आहे. भरतीत, कन्नडच्या सक्तीत पुढे काय काय अडतं ते त्यांच्याकडून ऐका, मी तिथली नाही. पण रकाना आहे.

आणि मध्य प्रदेश? इथली पात्रता परीक्षा कर्मचारी चयन मंडळ घेतं. ते पूर्वीचं व्यापमं, मधे आणखी एक नाव होऊन गेलं. भाषा म्हणून तिथे हिंदी, इंग्रजी, संस्कृत, उर्दू एवढ्याच चौकटीत फिरायचं. वर्ग १ च्या विषयांची यादी काढून बघा. माझं राज्यशास्त्र आहे, कृषी आहे, गृहविज्ञानसुद्धा आहे. मराठी नाही.

ज्या राज्याशी आपलं सत्तर वर्षांचं भांडण आहे, त्या राज्याच्या परीक्षेत आपल्या भाषेला रकाना आहे. आणि ज्या राज्याशी आपलं काहीच भांडण नाही, जिथे लष्करच्या गल्लीबोळांत दोनशे वर्षं मराठी बोलली गेली, तिथे नाही. भांडण नाही म्हणूनच नाही, असं माझं मत झालंय. इथे कुणी मागितलाच नाही.

ग्वाल्हेरबद्दल थोडं बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, तिचंच लष्कर शहर झालं. दरबाराची भाषा मराठी होती. १९६१ चं मराठी साहित्य संमेलन याच शहरात झालं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या, संमेलनाच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. आजही इथे मराठी घरं आहेत, गणपती आहेत, नाट्यप्रयोग होतात. लोक म्हणतात, बघा मराठी कशी टिकून आहे. पण ती घरात टिकली, पोटापाण्यात टिकली नाही. मुक्तिबोध बंधूंचं उदाहरण घ्या. गजानन माधव मुक्तिबोध १९१७ मध्ये श्योपूरला जन्मले, तेव्हा ते ग्वाल्हेर संस्थानात होतं. घरात मराठी. कितीतरी वर्षं मास्तरकी केली, आणि ते हिंदीतले मोठे कवी झाले. धाकटे शरच्चंद्र नागपूरला गेले आणि मराठीत कवी झाले. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत गेले. त्यांनी तसं का केलं याची कारणं त्यांची असतील. मी एवढंच म्हणते, की आज इथल्या मुलीला मराठीतून शिकवण्याचा धंदा करायचा असेल तर तिला नागपूरची गाडीच पकडावी लागते.

आणि तिथे तरी काय होतं? हा भाग बऱ्हाणपूर-पांढुर्ण्याच्या लोकांनी नीट ऐका.

समजा तुम्ही जळगावला किंवा बुलढाण्याला जाऊन मराठी माध्यमातून डी.एल.एड. केलंत. एनसीटीईची मान्यता असेल तर तो कागद देशभर चालतो. महाराष्ट्राची टीईटी दिलीत, पास झालात. मग भरतीसाठी अभियोग्यता चाचणी, टेट, २०० गुणांची, आणि पवित्र पोर्टल. पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढायची. प्राथमिकला २०२३ पासून महिना १६,००० मानधन, त्याआधी ते ६,००० होतं. पण महाराष्ट्र शासनाची नोकरी अधिवासाचा दाखला मागते. बेळगाव, निपाणी, खानापूर, बिदर, कारवारकडच्या दावा सांगितलेल्या ८६५ गावांसाठी यातून वाट काढलेली आहे. १० जुलै २००८ च्या परिपत्रकानुसार त्या गावांत १५ वर्षं राहिलेल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्रात अर्ज करता येतो, विहित नमुन्यातला दाखला जोडून. मागच्या रांगेतल्यांनो, तुमच्या गावाचं नाव त्या यादीत आहे का ते बघा आणि दाखला आधीच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर धावपळ करून तो वेळेत मिळेल या भरवशावर राहू नका.

बऱ्हाणपूरचं एकही गाव त्या ८६५ मध्ये नाही, पांढुर्ण्याचंही नाही. तो वाद कर्नाटकाशी आहे, मध्य प्रदेशाशी महाराष्ट्राचा तसा दावा नाही. १९५६ पर्यंत आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, राजधानी नागपूर, राजभाषा हिंदी आणि मराठी दोन्ही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण इकडे राहिलो. तेव्हापासून आपली गत अशी, की रावेर माझ्या गावाहून भोपाळपेक्षा कितीतरी जवळ आहे, पण रावेरच्या शाळेत मला अर्ज करता येत नाही, आणि बऱ्हाणपूरच्या शाळेसाठी अर्ज करताना माझी भाषा रकान्यात सापडत नाही.

जातीच्या दाखल्याचंही ध्यानात ठेवा. एका राज्यातलं अनुसूचित जाती-जमातीचं आरक्षण दुसऱ्या राज्यात लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्येच सांगितलंय. हद्द ओलांडली की तुम्ही खुल्या प्रवर्गात. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी शिक्षक व्हायला निघालंय त्यांच्यासाठी हा मोठा फरक आहे, आणि मराठी-मराठी म्हणताना आपल्या व्यासपीठांवर तो कधी बोलला जात नाही.

आता मुलांकडे येते. कारण शिक्षक शेवटी मुलांसाठी असतो, आपल्या नोकरीसाठी नाही. खरं सांगायचं तर नोकरीसाठीही असतो, पण ते राहू द्या.

सातव्या घटनादुरुस्तीनं, १९५६ मध्येच, राज्यघटनेत ३५०अ आणि ३५०ब ही कलमं आली. ३५०अ म्हणतं, भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकवण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रत्येक राज्यानं प्रयत्न करावा. ३५०ब नं भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमला, आपण त्याला आयुक्त म्हणतो. सोय म्हणजे नेमकी केव्हा करायची, याचा आकडाही ठरलेला आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेनं ठरवलं होतं: शाळेत त्या भाषेची ४० मुलं असतील, किंवा एका वर्गात १० असतील, तर त्या भाषेत शिकवणारा निदान एक शिक्षक द्यायचा. चाळीस आणि दहा. एवढं पाठ करा. पुढे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ नंही म्हटलं, की शक्य तितपत शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावं.

राज्यशास्त्राच्या वर्गात आम्ही ३५०अ शिकतो. परीक्षेला येतं, दहा गुणांना. पण ते कलम मुलाबद्दल बोलतं, आणि टीईटी शिक्षकाबद्दल. या दोन्हींची गाठ कुठे पडते, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. दहा मुलं आहेत म्हणून शिक्षक द्यायचं राज्यानं उद्या कबूल केलं तरी तो आणणार कुठून? त्या भाषेतून शिकवण्याची पात्रता त्याच्याकडे आहे हे दाखवणारी परीक्षाच राज्य घेत नाही. मुलाचा हक्क घटनेत आहे आणि तो पुरवणाऱ्या माणसासाठी अर्जात जागा नाही. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत मराठीच्या बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी सर आले, चांगले आहेत, गणित उत्तम शिकवतात, पण ‘ळ’ त्यांना म्हणता येत नाही. मुलं घरी येऊन ‘शाला’ म्हणायला लागली. त्यात त्या सरांचा काय दोष? त्यांच्या अर्जातल्या यादीत मराठी नव्हतीच, त्यांना कोणी विचारलंही नाही.

उर्दूचं बघा. उर्दू त्या यादीत आहे, उर्दू शाळांना उर्दू शिक्षक मिळण्याची निदान शक्यता आहे. कारण उर्दू शाळांच्या लोकांनी मुलं मोजली, अर्ज केले, पाठपुरावा केला. आपण मेळावे घेतले.

यात आता एक नवी गोष्ट आली आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही टीईटी लागेल. महाराष्ट्र आणि तमिळनाडूतून गेलेली प्रकरणं होती ती. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त उरलेल्यांनी दोन वर्षांत पास व्हायचं, नाहीतर सेवा संपली. पाचपेक्षा कमी उरली असतील तर राहता येईल, पण बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेलाय. आता विचार करा. जुन्या पद्धतीनं लागलेले, मराठीतून शिकवणारे जे थोडे गुरुजी आणि बाई आपल्याकडच्या शाळांत उरलेत, पंचेचाळीस-पन्नाशीचे, त्यांना परीक्षेला बसा म्हटलं तर पहिली भाषा ते कोणती लिहिणार? ज्या भाषेतून वीस वर्षं शिकवलं ती यादीत नाही. सीटीईटीत मराठी आहे, ती त्यांच्यासाठी राज्य ग्राह्य धरणार का, हा प्रश्न लेखी विचारला पाहिजे, आणि आत्ता. दोन वर्षं बघता बघता जातात.

परीक्षेवर विश्वास किती ठेवायचा, असं मला कोणीतरी नक्की विचारेल. व्यापमंच्या शहरात राहून तो प्रश्न न येणं शक्य नाही. २०११ ची संविदा शाला शिक्षक परीक्षाही त्या प्रकरणांत होती. महाराष्ट्रातही २०१९ च्या टीईटीत ७,८७४ उमेदवारांचे निकाल खोटे निघाले, परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. प्रवेशपत्र, उत्तरपत्रिकेची प्रत, पावती, सगळं जपून ठेवा. दादाच्या पेटीत २०१८ पासूनची प्रत्येक पावती आहे, आणि ती आजवर दोनदा उपयोगी पडली.

तर करायचं काय? ज्याला पुढच्या दोन वर्षांत नोकरी हवी आहे त्यानं सरळ राज्याच्या पात्रता परीक्षेला आणि नंतरच्या चयन परीक्षेला हिंदीतून बसावं. यात कमीपणा काही नाही. मी स्वतः वर्ग १ ला बसणार आहे, राज्यशास्त्रातून. सोबत सीटीईटी मराठीतून द्यावी. ते प्रमाणपत्र आयुष्यभर राहतं, आणि उद्या मराठी शिक्षकाची जागा निघाली तर ‘पात्र उमेदवारच मिळत नाहीत’ असं कार्यालयाला म्हणता येणार नाही. आपल्यातल्या पन्नास जणांकडे जरी ते असलं तरी तो पुरावा होतो.

दुसरं काम मोजण्याचं. आपापल्या गावातल्या शाळेत मराठी घरातली मुलं किती, वर्गवार. पटावर ‘मातृभाषा’ या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. पुष्कळ ठिकाणी गुरुजी सरसकट हिंदी लिहून मोकळे होतात आणि आईबाप सही करतात. तिथे मराठी लिहिलेलं नसेल तर चाळीस काय आणि दहा काय, कागदावर शून्यच. नवीन प्रवेश होताना पालकांसोबत जा, रकाना नीट भरून घ्या. ज्यांच्या घरात भाचे-पुतणे पहिलीला जाणार आहेत त्यांनी या जूनलाच.

तिसरं, माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये फी. लोकशिक्षण संचालनालयाला तीन प्रश्न: जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या किंवा मराठी विषयाच्या मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि पात्रता परीक्षेच्या भाषांच्या यादीत मराठी नसण्याचा निर्णय कोणत्या आदेशानं झाला. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘असा आदेश उपलब्ध नाही’ असं येईल. तेच हवंय. ते उत्तर जोडून भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जायचं, १९४९ चा निकष आणि आपली मोजणी सोबत लावून.

अर्जाचा नमुना मी करून आणलाय. हिंदीत आहे, कारण भोपाळचं कार्यालय हिंदी वाचतं. प्रती वीसच आहेत. बऱ्हाणपूर, पांढुर्णा, बैतूल आणि बालाघाटच्या लोकांनी आधी घ्या, प्रत्येक जिल्ह्यातून निदान एक अर्ज गेलाच पाहिजे. बेळगावकडच्यांसाठी ८६५ गावांच्या दाखल्याचा नमुना वेगळा आहे, तो दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. प्रश्न असतील तर आता विचारा. सायकॉलॉजीचं कोणतं पुस्तक चांगलं, तेवढं मात्र मला विचारू नका, ते दादाला माहीत आहे.